चोविसाव्या अंकाची पाने फिरली त्याची बखर

थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, आणि मध्येच तोंड घालणारांस दटावणी. त्याउपरी लिहिण्यास कारण ऐसे की, गेल्या मोसमात आमचे घरी चोविसाव्या अंकावरून जो संग्राम जाहला, त्याचे वर्तमान जो तो आपापल्या परीने सांगतो. कन्या एक सांगते, जावई दुसरेच सांगतात, आणि चिरंजीव तर कागद घेऊन नकाशा काढून सांगतात, आणि ऐकणारा अधिकच घोटाळ्यात पडतो. सबब खरे काय ते एकदा लिहून ठेवावे, आणि ज्याचे हातून सर्व घडले त्यानेच लिहावे, हे न्यायास धरून. आमची शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्वदीर्घाची चूक कोणी काढू नये. काढील त्याने आधी आपल्या सदऱ्याचे बटण आपल्या हाताने लावून दाखवावे.

प्रथम उभयपक्षांची ओळख. एके बाजूस आमचे चिरंजीव, राजमान्य चष्मेवाले. दुकान नाक्यावर, लोकांचे डोळे तपासून भिंगे बसवून देणार, आणि स्वतःचा चष्मा कपाळावर असता घरभर शोधणार. लग्नाचे नाव काढिले की यांस दुकानात गिऱ्हाईक आठवते. दुसरे बाजूस आमचे जावई, राजमान्य लिफ्टवाले. नऊ-नऊ मजल्यांच्या इमारतींत लिफ्ट अडकली की अंधारात शिरून कोंडल्या जिवांस सोडविणार, माणूस हाताचा पक्का आणि जिभेचा तिखट. हे दोघे शाळेत एका बाकावरचे. पुढे कन्या दिली तेव्हा मेहुणे जाहले, परंतु 'अरे चष्म्या' आणि 'काय रे लिफ्ट्या' यापरते नाते उभयतांनी कधी मानिले नाही.

या दोघांचे दैवत एक. कॉमिक लिहिणारे भोवरेबुवा. खरे नाव निराळे, परंतु वाचणाराचे डोके भोवऱ्यासारखे फिरते म्हणोन भक्तमंडळींनी हा किताब दिला. या बुवांचे एका अंकात खलनायकास खबर लागते की पुढल्या पानावर आपली शिकस्त आहे, तो पान उलटू देत नाही आणि वाचणाराच्या अंगठ्यावर तलवार रोखून उभा राहतो. दुसऱ्या अंकात पानास मधोमध भोक. आम्हांस वाटले झुरळाने खाल्ले, आणि मागून कागद डकवावयास खळ शिजवीत होतो, तो चिरंजीव ओरडत आले की त्या भोकातून नायक सहाव्या पानावरून नवव्यावर पडतो. पडो बापडा. आम्ही खळ पतंगवाल्या पोरांस देऊन टाकिली.

परंतु बुवांचे थोर काम म्हणजे 'पट्टीतला माणूस', अंक चोवीस. दोन चित्रांच्या मध्ये जी पांढरी पट्टी सुटते, तीत हा माणूस राहतो. त्यास स्वतःची चौकट नाही. लोकांच्या चौकटी आतून ढकलून तो कोणास आगीतून वाचवितो, कोणास पुरातून काढतो, आणि पुन्हा पांढऱ्यात जातो. तेवीस अंक त्याचा फक्त हात दिसतो. चोविसाव्यात तो सगळा दिसतो, आपल्या घरी, आपल्या आईजवळ. तो चोविसावा अंक मोजक्या प्रती छापून बंद जाहला, आणि त्यापैकी एक प्रत या दोघांनी शाळेत असता भागीने मिळविली, आणि ती आमच्या कपाटात, आमच्या साड्यांखाली, मलमलीत गुंडाळलेली असे. कागद नाजूक, सबब पाच वर्षांतून एकदाच उघडावा, दोघांनी मिळून उघडावा, ऐसा करार. कपाटाची किल्ली आमचे कमरेस. आजवर आम्ही जगास छाती ठोकून सांगितले की या घरात कोणाची वस्तू हलत नाही.

दर आदितवारी कन्या-जावई सकाळीच येत. सर्व मिळून जेवत, आणि तिसरे प्रहरी बैठकीच्या खोलीत दरबार भरे. आणखी चार किरकोळ सरदार येत, आणि एक ग्रंथपालबाई येत. बाई मोठ्या विद्वान, पण नोकरीमुळे आवाज इतका हळू पडला की चहा हवा की नको हे ओठ पाहून ओळखावे लागे. मग तीन-तीन घटका वाद. पट्टीतल्या माणसास भूक लागते काय? पट्टी संपली तर तो कोठे जातो? ज्यांस घरी गॅसचा रेग्युलेटर लावता येत नाही, ते विश्वाचे कोडे सोडवीत. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत असू, आणि कन्या आमच्याजवळ ओट्याशी बसून आठवड्याच्या साऱ्या गोष्टी सांगे. दरबार त्यांचा, परंतु आदितवार आमचा, हे ध्यानी ठेवावे. पुढे जे पणास लागले ते हेच.

आता मूळ कारण सांगतो. करारास पाच वर्षे भरत आली आणि अंक उघडावयास आठ दिवस उरले, तेव्हा आम्ही कपाट आवरावयास काढिले. मलमल सोडिली, तो कडेच्या दोन्ही पिना गंजून भुगा जाहलेल्या. तितक्यात टेबलपंख्याने मान फिरविली, आणि सोळाही पाने फौज उधळावी तैशी खोलीभर जाहली. एक पलंगाखाली, एक बादलीच्या काठावर. आम्ही धावोन सर्व गोळा केली आणि पाहतो तो पानावर आकडा नाही. बुवांस आकडा मंजूर नाही. आकडा म्हणजे वाचणाराच्या नाकात वेसण, ऐसे त्यांचे मत म्हणे. पानाच्या एकाच अंगास चित्र, मागील अंग कोरे. कोऱ्यावर काय घडले ते ज्याने त्याने समजावे.

आम्ही म्हटले, ठीक. घरभराच्या धुतल्या कपड्यांच्या घड्या पाहून ज्याचे त्याचे कप्प्यात तीस वर्षे लावीत आलो, सोळा पाने ती काय. मग जमिनीवर मांडून, चित्रे पाहून, मनास पटले तैसी लाविली, आणि चिरंजीवांचे दुकानाचा स्टेपलर घेऊन दोन नव्या पिना ठोकिल्या, आणि मलमल बांधून कपाट बंद केले. सांगावयाचे राहिले ऐसे म्हणता येईल. परंतु बखरीत खोटे लिहू नये. सांगितले नाही.

करारास पाच वर्षे पुरली त्या आदितवारी, जेवणे आटोपोन, हात धुऊन पुसून, चिरंजीवांनी अंक उघडिला. एक एक पान उलटीत गेले आणि शेवटच्या पानाशी थांबले. मागल्या खेपेस अंक संपला तो उघड्या दारावर. दारात आई उभी, बाहेर सारे पांढरे, मुलगा नाही. आता अंक संपला तो जेवणाच्या टेबलावर. मुलगा जेवतो आहे, आई पाठमोरी आहे, आणि चित्रास चौकटच नाही.

चिरंजीव म्हणाले, "शेवट बदललाय."

दरबार थक्क जाहला. मग चिरंजीवांस स्फुरण चढले आणि त्यांनी सिद्धान्त मांडिला की भोवरेबुवांनी ऐसे पुस्तक लिहिले जे वाचणाराबरोबर वयाने वाढते. पोरवयात निरोप दिसतो, आणि माणूस चाळिशीकडे झुकला की त्यास घर दिसते. सरदारांनी माना डोलाविल्या. ग्रंथपालबाई जन्मात प्रथमच ऐकू येईल ऐसे बोलल्या, की इतका साधा आणि इतका थोर शेवट त्यांनी कोठे वाचिला नाही. आम्ही ओट्याशी उभे राहोन ऐकत होतो. जन्मभर स्वयंपाकास 'बरा आहे' यापरती तारीफ ऐकिली नाही, आणि येथे आमच्या कामास थोर म्हणतात. आम्ही सर्वांच्या चहात साखर अर्धा चमचा जास्त घातली.

इतक्यात लिफ्टवाल्यांनी अंक उचलून कड नखाने खरवडिली. जन्म लोखंडात गेलेला माणूस. म्हणाले, "पुस्तक वाढत नाही, चष्म्या. पिना नव्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी पानं काढून फिरवून लावलीत. आणि असल्या बारीक पिनांचा स्टेपलर तुझ्या दुकानात आहे."

"मी? मी अंकाला हात लावीन?"

"सिद्धान्त मांडायला शेवट लागत होता ना तुला. घेतलास बनवून."

चिरंजीवांचा चेहरा उतरला, मग चढला. म्हणाले की अंक आईच्या कपाटात होता, आणि आमच्या आईच्या कपाटातली वस्तू हलत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. सबब पाने फिरली असतील तर मागल्या खेपेस अंक बांधून ज्याने ठेविला त्याने फिरविली, आणि बांधून ठेविला तो लिफ्टवाल्यांनी. चिरंजीव आमच्या नावाची ढाल करोन लढत होते, आणि ढालीसच भोक होते. त्याच क्षणी बाहेर येऊन बोलावे, तो आम्ही ओटाच पुसत राहिलो. तीस वर्षांची आब एका वाक्यात कशी टाकावी?

मग लिफ्टवाले उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं. येतो आम्ही. आपली मर्जी."

चिरंजीव म्हणाले, "आपण यायचंच कशाला होतं."

'आपण' हा शब्द त्या दोघांत पंचवीस वर्षांत प्रथम निघाला. आम्ही ओळखिले की युद्ध पुकारले गेले. जाता जाता जावयांचा धक्का लागून एक कप पडला आणि त्याचा कान तुटला.

पुढील आदितवारी कोणी आले नाही. त्याच्या पुढीलही आदितवारी नाही. चिरंजीव दुकानातून येत, जेवत, आणि भिंतीकडे पाहत बसत. सरदारांत दोन तट पडोन फोनवर चकमकी होऊ लागल्या. एक तट 'वाढणारे', दुसरा तट 'पिनावाले'. आम्ही सवयीने चार माणसांचे रांधत असू आणि तीन दिवस उरलेले खात असू. तिसऱ्या आदितवारी न राहवोन कन्येस फोन केला आणि फर्मान काढिले की निघून ये.

कन्या म्हणाली, "आई, कशी येऊ गं? हे म्हणतात, तो माफी मागेपर्यंत त्या घरात पाऊल नाही. मी एकटी आले तर ह्यांना वाटणार भावाची बाजू घेतली. आणि तिकडे दादा माझ्याशी बोलणार तोंड फिरवून."

"मग मी काय करायचं?"

"तू काय करणार? तुझा काय दोष त्यात?"

आम्ही फोन ठेविला. कोणी गालात मारिली असती तर इतके लागले नसते.

इकडे ग्रंथपालबाईंनी तहाची मसलत केली. दूरच्या थोरल्या ग्रंथालयात चोविसावा अंक कुलुपात आहे ऐसा शोध लावून, साहेबांस तीन अर्ज करोन, एका दिवसाच्या बोलीने ती प्रत मागविली, आणि उभयपक्षांस खलिता धाडिला की येत्या आदितवारी तिसरे प्रहरी दोन्ही प्रती शेजारी ठेवू आणि खरे-खोटे करू. चिरंजीव म्हणाले, खुशाल आणा. लिफ्टवाले म्हणाले, जरूर आणा. दोघांस खातरी की आपण खरे, आणि दोघेही खरेच. परंतु आम्ही हिशेब जाणला की ती प्रत उघडताच, पिना त्यांच्याच स्टेपलरच्या सबब, चिरंजीव चोर ठरणार, आणि चोर ठरलेला मेहुणा जावई पुन्हा पाहणार नाहीत, आणि कन्या दारापर्यंत येऊन फिरेल. ती रात्र आम्ही कूस बदलीत काढिली.

आदितवार उजाडला. तिसरे प्रहरी सर्व जमले. चिरंजीव खिडकीशी, जावई दाराशी, मध्ये सरदार, कोणी कोणाकडे पाहीना. कन्या आली, पण खांद्याची पर्स खाली ठेवीना आणि बसेना. ग्रंथपालबाईंनी पांढरे हातमोजे चढविले आणि पाकिटाची दोरी सोडावयास हात घातला. तेव्हा आम्ही पदराला हात पुसून खासा स्वारीनिशी बैठकीत दाखल जाहलो, आणि हुकूम केला.

"पाकीट उघडायचं नाही. आधी माझं ऐका."

मग एका दमात सर्व सांगितले: पिना, पंखा, पलंग, बादली, स्टेपलर. आणि शेवटी, जे शब्द या घरात आमचे तोंडून कोणी ऐकिले नव्हते, ते बोललो. "दोघांनीही काही केलेलं नाही. पानं मी लावली. आणि गप्प बसले. माझं चुकलं."

चिरंजीवांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"आई, तू आत्ता काय म्हणालीस?"

"एकदा म्हणाले. पुन्हा म्हणणार नाही."

लिफ्टवाले खाली मान घालून उभे होते. मग चार पावले चालून खिडकीशी गेले. म्हणाले, "चष्म्या, मी चोर म्हणालो रे तुला."

"म्हणालास."

"चुकलो."

"मीही तुला म्हणालोच की." चिरंजीवांनी नाक पुसले. "आता उभा काय राहतोस लिफ्ट्या, मजला आला. बस."

सरदार हसले आणि तहावर शिक्का पडला, ऐसे आम्हांस वाटले. परंतु ही भक्तमंडळी. यांचे घर जळाले तरी आधी ज्वाळेचा आकार कसा होता हे बोलतील. ग्रंथपालबाई आमच्याकडे वळल्या आणि त्यांच्या हळू आवाजात पुसत्या जाहल्या, "काकू, रागावू नका. पण दाराचं पान शेवटी होतं, ते तुम्ही आधी का घेतलंत?"

आम्ही म्हटले, "अगं, त्या बाईच्या खांद्यावर टॉवेल आहे."

"टॉवेल?"

"पट्ट्यापट्ट्यांचा. जाणाऱ्याला निरोप द्यायला कोण टॉवेल घेऊन उभं राहतं? येणाऱ्यासाठी राहतात. पुढे एका पानात पोरगा बेसिनशी तोंड पुसतोय, तो त्याच टॉवेलानं. आणि टेबलाच्या पानात टॉवेल खुर्चीवर टाकलाय, ओला. मग आधी दार, मग बेसिन, मग जेवण. यात काय अवघड आहे? तुम्ही वीस वर्षं पट्टीत काय राहतं ते शोधताय, टॉवेल दिसला नाही?"

मग जी धावपळ जाहली ती वर्णावयास दहा लेखण्या पुरणार नाहीत. दोन्ही प्रती उघडिल्या. आमच्या अंकाच्या पिना लिफ्टवाल्यांनी पेचकसाने हळूच सोडिल्या, चिरंजीवांनी दुकानाचे भिंग डोळ्यास लाविले, आणि पाहतात तो दोन्हीकडे टॉवेल. थोरल्या ग्रंथालयाच्या प्रतीत टेबल पहिल्या पानावर, टॉवेल ओला. आणि दार शेवटच्या पानावर, टॉवेल कोरडा. चिरंजीव ओरडले की पिना छापखान्याने ठोकिल्या, बुवांनी नव्हे. आकडे न घालणाऱ्या बुवांनी खरा क्रम टॉवेलात लपविला! लिफ्टवाले त्याहून मोठ्याने ओरडले की मूर्खा, एखाद्या घरात दोन टॉवेल नसतात काय. पहिला ओला तो कालचा, कोरडा तो आजचा, पोरगा रोज येतो आणि रोज जातो! एक सरदार म्हणाला, मग तो चोविसाव्याच्या आधीही घरी जेवूनच लोकांस वाचवायला जात असणार. हे ऐकोन सर्वांस भरते आले. आमच्यासाठी स्वयंपाकघरातून खुर्ची आली आणि ती मधोमध मांडिली गेली. तीस वर्षांत त्या खोलीत आम्ही केर काढावयास बसलो असू, बोलावयास प्रथमच.

लिफ्टवाले म्हणाले, "आई, तुम्ही सांगा. ती दारात वाट बघतेय की निरोप देतेय?"

"आईला दोन्ही एकदमच करावं लागतं," आम्ही म्हणालो. "आता आवाज कमी करा, शेजाऱ्यांचं बाळ झोपलंय."

याउपरी ठराव जाहला तो नमूद करतो. थोरल्या ग्रंथालयाची प्रत छापखान्याचा पाठ म्हणोन जैसी आली तैसी परत जावी. आमचे घरचा अंक टॉवेलाचा पाठ म्हणोन आमच्याच क्रमाने राहावा, आणि त्यास पिना न मारिता सुती दोऱ्याने आम्हीच शिवावा, टाके मोजून सहा. पाच वर्षांचा करार रद्द. इच्छा होईल तेव्हा, हात धुऊन, पाहावा. आमचे कपाटाची आब कायम, परंतु यापुढे 'या घरात वस्तू हलत नाही' ऐसे कोणी म्हणाल्यास आम्ही खोकावे. 'वाढणारे' आणि 'पिनावाले' या तटांनी हत्यारे खाली ठेविली आणि 'एकटॉवेल' व 'दोनटॉवेल' ऐसे नवे तट उभारिले, त्यांचे युद्ध चालू आहे, आणि त्यात बोलणे तेवढे बंद होत नाही.

येणेप्रमाणे मोहीम अठ्ठावीस दिवस चालोन आदितवारी दिवेलागणीस फत्ते जाहली. जायबंदी कप एक. कैदी कोणी नाही. सरदार आपापल्या घरी गेले, ग्रंथपालबाई पाकीट छातीशी धरोन गेल्या. मुलूख हाती आला नाही, किल्ला हाती आला नाही. कन्येने पर्स खुंटीस लाविली आणि ओट्याशी येऊन चार आठवड्यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि आम्ही चार माणसांचे रांधिले ते सर्व संपले. लेक जेवून गेली. इति विजय. लिहिले ते खरे.